कंडक्टरांनी ठेवलेला हप्ता

पैसे नव्हते म्हणून हप्ता राहिला, असं रामलिंग कंडक्टरांच्या बाबतीत कधी झालं नव्हतं. लेकीच्या, सुकन्याच्या, शिक्षणासाठी गावच्या निधीतून घेतलेल्या कर्जाचा शेवटचा हप्ता दिवाळीपासून त्यांच्या कपाटात तयार होता. तरीही तो त्यांनी भरला नाही, कारण त्यांना तो चैत्रात, जत्रेच्या तोंडावर भरायचा होता. पुढचा सगळा घोटाळा यातून झाला.

त्यांचं गाव कवठवाडी, शिरूर अनंतपाळच्या पुढे. तिथल्या मारुतीच्या जत्रेत पूर्वी तमाशा यायचा. वीरण्णा गुरुजी शाळेतून निवृत्त झाले, त्यांनी तमाशा बंद करवला आणि त्या पैशातून शिक्षण निधी काढला. गावचं पोरगं लातूरला शिकवणीला किंवा पुढे कॉलेजला निघालं की निधीतून बिनव्याजी कर्ज मिळायचं, आणि कमवायला लागलं की त्यानं ते हप्त्यानं परत करायचं. तमाशा गेल्यामुळे काही जुनी माणसं अजून गुरुजींशी तुटक बोलतात. त्यांची समजूत काढायला गुरुजींनी कुस्त्या ठेवल्या आणि एक रीत घातली. ज्या घरानं त्या साली, म्हणजे पाडव्यापासून जत्रेपर्यंत, कर्ज पुरतं फेडलं, त्या घरच्या कर्त्या माणसानं कुस्त्यांच्या फडाचा नारळ फोडायचा. भोवती पंचक्रोशी बसलेली, हलगी कडाडतेय, आणि भोंग्यावर आपलं नाव, लेकराचं नाव, शिक्षण, नोकरी, सगळं सविस्तर. आमदार आले तरी त्यांनी तोवर थांबायचं.

या साली कर्ज फेडणारं एकच घर होतं. रामलिंगांनी चौकशी करून ठेवली होती.

त्यांची सगळी नोकरी निलंगा आणि उदगीर डेपोत गेली. बिनतिकिटाचा माणूस त्यांना पाठमोराही ओळखू यायचा, नुसत्या खांद्यांवरून. नोटा उभ्या घडी घालून बोटांच्या बेचक्यात धरायची सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. भाजी आणायला जातानासुद्धा त्यांचा डावा हात तिकीट फाडायला निघाल्यासारखा दिसे. ज्यानं प्रवास केला त्यानं पैसे द्यावेत, हे त्यांचं सगळं तत्त्वज्ञान. सुकन्या बी. फार्म. होऊन नांदेडच्या एका दवाखान्यात लागली आणि थोड्याच दिवसांत सरकारनं मुलींची फी माफ केली, तेव्हा त्यांनी पेपरची बारीक घडी घातली आणि म्हणाले, "आपण आत आल्यावर दार उघडलं बघ."

"मग काय झालं?" त्यांच्या पत्नी साखराबाई म्हणाल्या. "आपुन खिडकीतून आलाव. कपडे जरा फाटले. आता दुसऱ्याच्या पोरींनी बी खिडकीतूनच यावं का?"

यावं असं त्यांना वाटत होतं, पण तसं बोलता येत नव्हतं.

जत्रेला तीन दिवस उरले असताना, सकाळी रामलिंग आरशापुढे दाढी करत होते आणि देवळावरचा भोंगा खरखरला. गुरुजींचा आवाज आला. गावचे सुपुत्र, नांदेडचे कंत्राटदार सिद्धरामशेठ यांनी निधीला मोठी देणगी दिली आहे, त्यामुळे काल रात्रीच्या ठरावानं सर्व थकबाकीदारांची थकबाकी माफ करण्यात येत आहे.

रामलिंगांच्या हनुवटीला ब्लेड लागलं. तोंडाला अर्धा फेस तसाच ठेवून ते कपाटाकडे गेले, हप्ता घेतला आणि ताहेरभाईच्या दुकानाकडे निघाले.

ताहेरभाई गावचे शिंपी आणि निधीचे खजिनदार. जत्रेतल्या पैलवानांचे लाल लंगोट शिवायचं काम त्यांच्याकडे असायचं, त्यामुळे दुकान लालेलाल झालं होतं.

"ताहेरभाई, पावती फाडा. शेवटचा हप्ता."

ताहेरभाईंनी मशीन थांबवली. "कंडक्टरसाब, सकाळचा भोंगा ऐकला न्हाई का?"

"ऐकला. म्हणूनच पळत आलो."

"मग घराकडं पळायचं होतं. तुमचं माफ झालं की."

"मला माफी नको."

"नको कसं? गावावर पाऊस पडला, अन् तुम्ही म्हणता माझ्या वावरात नको. पडला तो पडला."

रामलिंगांनी मागेपुढे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "कालची तारीख टाका."

ताहेरभाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "कालची तारीख? कंडक्टरसाब, तुम्ही म्हणायलात हे?"

जन्मात एकदा खोटं तिकीट फाडायची इच्छा झाली आणि तीही पकडली गेली. रामलिंगांचे कान तापले. "न्हाई. आजचीच टाका," ते म्हणाले.

"आजची टाकता येत न्हाई. आज तुमच्याकडं काही राहिलंच न्हाई. नसलेल्या कर्जाची पावती दिली तर हिसाबात मी चोर."

तेवढ्यात दाराशी दुसरा एक थकबाकीदार, श्रीमंत, आला. त्याच्या मुलानं, हरिओमनं, निधीतून इंजिनियरिंग केलं होतं आणि घरातून एकही हप्ता आला नव्हता. ताहेरभाईंचं दुकान टाळायला श्रीमंत इतके दिवस मागच्या बोळातून, उकिरड्यावरून जायचा. आज तो समोरून, मधल्या रस्त्यानं आला होता आणि त्याच्या काखेत पांढरं कापड होतं.

"ताहेरभाई, जत्रेपातूर सदरा होतो का? नारळाला उभं राहायचंय."

"कसला नारळ?" रामलिंगांनी विचारलं.

"फडाचा. ज्याचं कर्ज या साली संपलं त्याचा नारळ. माझं संपलं की."

"संपलं न्हाई. माफ झालं!"

"अन् तुझं काय झालं रे, रामलिंगा?"

रामलिंगांनी तोंडावरून हात फिरवला. वाळलेला फेस गालावर चरचरत होता.

संध्याकाळी पारावर बैठक बसली. रामलिंगांनीच ती मागितली होती. ते उभे राहिले, घसा साफ केला. "माझं नाव माफीतून काढा," ते म्हणाले.

गुरुजींनी ठराव वाचला. "सर्व थकबाकीदार, असं आहे कंडक्टर. एकाला कसं काढू?"

"मी थकबाकीदार न्हाई."

"हप्ता राहिला आहे ना?"

"राहिला न्हाई. मी ठेवलाय."

"ठेवलाय?" गुरुजी म्हणाले. "कशाला?"

रामलिंगांनी वर पिंपळाकडे पाहिलं. बायकांच्या बाजूनं साखराबाईंचा आवाज आला. "जत्रेत भोंग्यावर नाव यावं म्हणून. दिवाळीला भरला असता तर नुसती पावती मिळाली असती."

इतका वेळ गंभीर बसलेली माणसं एकदम खिदळली. कोणीतरी म्हणालं, "कंडक्टरनं स्वतःच गाडी थांबवून धरली अन् आता म्हणायलेत गाडी गेली!"

हसणं ओसरायच्या आत बांगड्यांचा धंदा करणाऱ्या अमीरबी उठल्या. त्यांची मुबश्शिरा याच निधीतून नर्स झाली होती. "गुरुजी, मी गावागावात बांगड्या भरून, हात सुजवून फेडलं. आता माफीच द्यायची तर माझे बी परत द्या."

"अमीरबी, गेल्या सालचं कसं परत देणार?"

"का? त्या साली माझं पोट वेगळं होतं का?"

"नियमित भरणाऱ्याला सरकार बी प्रोत्साहन देतं," मागून एक जण म्हणाला. "पीककर्ज माफीच्या वेळी ठेवलं होतं."

"तुला मिळालं का?"

"न्हाई. अंगठा जुळंना."

मग दगडोबा उठला. तो गावात सगळ्यात कमी बोलायचा, त्यामुळे सगळ्यांच्या माना वळल्या. "माझं एक बी पोरगं धाव्वीच्या पुढं गेलं न्हाई," तो म्हणाला. "निधीला मी एका रुपयाचा तरास दिला न्हाई. त्याचं काईतरी बघा."

म्हणणं बरोबर वाटत होतं आणि कुठेतरी चुकतही होतं. गुरुजी शाळेत गणित शिकवायचे. त्यांनी बोटांवर काहीतरी मांडलं आणि सोडून दिलं.

"मी एक इचारू का?" साखराबाई म्हणाल्या. "बहिणीच्या योजनेत माझा अर्ज बाद झाला. माझ्या शेजारणीला पैसे येतात. म्हणून मी तिच्या चुलीत पाणी वतलं का?"

"वतलं न्हाईस," शेजारीण म्हणाली, "पण महिना झाला, विरजण मागितलं तर न्हाई म्हणतीस."

"ते विरजण खरंच नव्हतं गं."

"रोज?"

बायकांमध्ये वेगळीच बैठक सुरू झाली. ती थांबेपर्यंत श्रीमंत उभा राहिला होता. बोलताना तो रामलिंगांकडे पाहत नव्हता, हातातल्या टोपीकडे पाहत होता.

"रामलिंगा, तुझी पोरगी हुशार. तिला नोकरी लागली. माझं पोरगं बी त्याच निधीतून शिकलं, पास झालं. त्याला लागली न्हाई. लोह्यात दुसऱ्याच्या गाळ्यात मोबाईल दुरुस्त करतंय. मी बुडवायचं म्हणून बुडवलं का? उकिरड्यावरून जाऊन जाऊन माझी चप्पल सडली."

रामलिंगांना उत्तर द्यायचं होतं, पण चप्पल मध्ये आली. श्रीमंतच्या जागी दुसरा कोणी असता तर त्यांना वाईटही वाटलं असतं.

गुरुजींनी शेवटी निकाल दिला. ज्यांचं ज्यांचं कर्ज संपलं, मग कसंही संपो, त्या सगळ्या घरच्या माणसांनी मिळून नारळाला हात लावायचा.

"एका नारळाला एवढे हात?" ताहेरभाई म्हणाले.

"नारळ मोठा आणू," गुरुजी म्हणाले.

जत्रेच्या सकाळी सुकन्या लोहा, अहमदपूर करत नांदेडहून आली. वडील ओसरीवर भिंतीकडे तोंड करून निजले होते. आई म्हणाली, "तुझं कर्ज माफ झालं, त्याचं दुखणं लागलंय."

सुकन्यानं हातपाय धुतले, चहा घेतला, आणि वडिलांच्या शेजारी बसली. ती कमी बोलायची आणि बोलायच्या आधी गोळ्या मोजून द्याव्यात तसे शब्द निवडायची.

"अप्पा, तुम्हाला नेमकं काय पाहिजे? माझं कर्ज फिटलेलं पाहिजे, का श्रीमंतकाकांचं न फिटलेलं पाहिजे?"

रामलिंगांनी भिंतीचा सुटलेला पोपडा नखानं काढला. "दोन्ही," ते म्हणाले.

"बरं झालं खरं बोललात. त्यातलं दुसरं आपल्या हातात नाही. पहिलं आहे. आणि तो हप्ता माझ्या पगारातला आहे, हे लक्षात आहे ना?"

हे रामलिंगांच्या खरंच लक्षात नव्हतं. ते उठून बसले.

"मला माफी मिळाली तर वाईट वाटणार नाही," सुकन्या म्हणाली. "चांगला फ्रिज येईल. पण तुम्ही महिनाभर असे निजून राहिलात तर आई मला रोज फोन करेल. म्हणून सांगते. ताहेरचाचा दुकानात घेत नाहीत ना, मग फडात द्या. नारळाच्या वेळी, सगळ्यांसमोर, त्यांच्या हातावर ठेवा. चार गावांच्या समोर ते नाही म्हणणार नाहीत."

रामलिंगांनी साखराबाईंना हाक मारली आणि फेटा मागितला.

आखाड्याची लाल माती सकाळीच पाणी मारून, ताक-हळद घालून तयार केली होती. भोवती माणसांचं कडं, झाडावर पोरं, आणि कडेला पैलवान लंगोट बांधून, अंगाला माती लावून उन्हात ताटकळत होते. निवेदक लोह्याहून पैसे देऊन बोलावला होता. त्याचा आवाज असा, की भोंगा बंद पडला तरी पुढच्या गावाला ऐकू जावं. गावातला माफीचा वाद त्याला ठाऊक नव्हता. कुस्तीच्या फडात काय काय घडतं, ते मात्र त्याला पाठ होतं.

गुरुजींनी एक एक नाव घेतलं. माफीवाली माणसं आत आली. नव्या सदऱ्यातला श्रीमंत सगळ्यात पुढे. सदऱ्याला एक बाही आखूड होती. लंगोटांच्या गडबडीत ताहेरभाईंचा हात चुकला होता. सगळ्यात शेवटी रामलिंग आले. नारळाभोवती दाटी झाली. ताहेरभाई पूजेचं ताट धरून पलीकडे उभे होते.

आता, असं रामलिंगांनी ठरवलं. त्यांनी खिशातून हप्ता काढला. नोटांची उभी घडी आपोआप पडली, बोटांच्या बेचक्यात बसली, आणि सगळ्यांना दिसावं म्हणून त्यांनी हात डोक्याच्या वर उचलला.

"ताहेरभाई—" एवढंच ते म्हणाले.

फडाच्या मधोमध फेटेवाला माणूस, वर उचललेला हात, बेचक्यात नोटा. निवेदकानं असं दृश्य आयुष्यभर पाहिलं होतं आणि त्याचा अर्थ एकच होता.

"आहाहाहा!" भोंगा गरजला. "पहिल्याच कुस्तीला इनाम! कवठवाडीचे दिलदार, कुस्तीचे शौकीन, श्री. रामलिंग कंडक्टर यांच्याकडून पहिल्या जोडीला रोख इनाम! वाजव रे!"

हलगी कडाडली. शिट्ट्या पडल्या. "न्हाई, न्हाई, हप्ता—" रामलिंग म्हणत होते, पण बिलोलीचा एक तरणा पैलवान धावत आला, त्यानं त्यांच्या पायाला हात लावला, नोटा बेचक्यातून अलगद काढून घेतल्या आणि कपाळाला लावल्या. हे सगळं इतक्या सफाईनं झालं की रामलिंगांचा हात रिकामा होऊनही वरच राहिला. लोकांना वाटलं, ते अभिवादन करतायत. आणखी शिट्ट्या पडल्या.

"रामलिंग कंडक्टर! रामलिंग कंडक्टर!" निवेदक नाव सोडायला तयार नव्हता.

श्रीमंतनं हे ऐकलं. त्यानं आखूड बाही खाली ओढली. नारळाला दोघांचे हात बरोबरीनं लागणार होते आणि आता एकाचंच नाव चार गावांत चाललं होतं. तो कडेला उभ्या असलेल्या हरिओमकडे गेला आणि काही न विचारता त्याच्या वरच्या खिशात हात घातला.

"आबा, ते गिऱ्हाईकाच्या डिस्प्लेचे पैसे हाईत!" हरिओम ओरडला.

"गप. दुसऱ्या जोडीला!" श्रीमंतनं हात वर केला. "कंडक्टरपेक्षा वाढवून सांगा!"

"वाहवा! वाढवून! श्रीमंतराव! दुसऱ्या जोडीला वाढीव इनाम!"

मग थांबलं नाही. माफीवाल्या घरांतला प्रत्येक माणूस एकमेकांकडे पाहू लागला. इथे हात खाली ठेवणं म्हणजे चार गावांसमोर उघडं पडणं. एकानं बायकोकडून घेतले, एकानं मेव्हण्याकडून उसने घेतले, एकानं मोबाईल वर धरून निवेदकाला क्यूआर कोड मागितला. ज्या घरांतून नुसता चहा मिळायचा, हप्ता कधी मिळाला नव्हता, त्या घरांची नावं भोंग्यावर एकामागून एक येत होती. ताहेरभाईंनी पूजेचं ताट खाली ठेवलं.

"गुरुजी," ते म्हणाले, "मी दारोदार चपला झिजवल्या. उद्यापासून ते बंद. वसुली इथंच करायची, हलगी लावून."

गुरुजी पुन्हा बोटांवर काहीतरी मांडत होते.

नारळ कोणी फोडला, हे नंतर कुणालाच नक्की सांगता येईना. काही म्हणतात, कंटाळलेल्या एका पैलवानानंच तो गुडघ्यावर आपटला. साखराबाईंच्या हातात खोबऱ्याचा तुकडा आला तेव्हा पहिली कुस्ती संपलीही होती.

संध्याकाळी रामलिंग जत्रेच्या कडेला रसवंतीच्या बाकड्यावर येऊन बसले. हप्ता गेला होता, पण निधीत गेला नव्हता. नाव भोंग्यावर आलं होतं, पण सुकन्याचं आलं नव्हतं. त्यांना माफी मिळाली होती आणि पैसेही गेले होते, म्हणजे दोन्हीकडून जे नको तेच झालं होतं. तरी येणारा-जाणारा प्रत्येक माणूस त्यांना नमस्कार करत होता.

श्रीमंत आला आणि न विचारता शेजारी बसला. दोघांसमोर उसाच्या रसाचे ग्लास आले.

"रामलिंगा, पोटात कालवल्यासारखं व्हायलंय," श्रीमंत म्हणाला. "पैसे गेले तवापासून."

"होतं तसं."

"तुला व्हायचं?"

"दर महिन्याला."

"अन् तरी देत होतास?"

"हाव."

"येडा हायस."

रामलिंगांनी ग्लासाच्या तळाचा बर्फ तोंडात घेतला. "पण नाव कसं घेतलं रे त्यानं," ते म्हणाले.

"लई मोठ्यानं," श्रीमंत म्हणाला. "माझं जरा जास्तच मोठ्यानं घेतलं."

"सारखंच होतं."

रसवाल्यानं रिकामे ग्लास उचलले आणि उभा राहिला. रामलिंगांनी खिशात हात घातला, मग दुसऱ्या खिशात. श्रीमंतनंही घातला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

रसवाला हसला. त्यानं दुपारी फडात दोघांनाही पाहिलं होतं. "राहू द्या हो कंडक्टर," तो म्हणाला. "दोघांनी आज लई दिलं. रसाचं माफ."

"बरं," श्रीमंत म्हणाला आणि उठू लागला.

"न्हाई," रामलिंगांनी त्याचा सदरा धरला. "बस खाली. सुकन्या तिकडं पाळण्यांकडं गेलीय. ती येईल, पैसे देईल, मग उठू."

"आरं पण तो न्हाई म्हणायलाय!"

"त्याला म्हणू दे. मी उठत न्हाई अन् तुला बी उठू देत न्हाई."

श्रीमंतनं सदरा सोडवून पाहिला. शिवण नवी होती, उसवायची भीती होती. पाळण्यांकडे माणसांची ही गर्दी, सुकन्या कुठे दिसत नव्हती. तो पुन्हा बाकड्यावर टेकला आणि रसवाल्याकडे वळला.

"बसायचंच हाय तर आजून दोन गिलास आण," तो म्हणाला. "बर्फ कमी."